आपल्यातली

"ह्या बाईकडं नको. त्या दुसऱ्या बाईकडं दाखवायचंय," असं ती म्हणाली आणि मुनिरानं तिच्यासाठी पुढं ओढलेली खुर्ची मुनिराच्याच हातात राहिली. बाई चाळिशीची असावी. नकाब वर केलेला, चेहरा झोप न झाल्यासारखा. बोलताना तिनं मुनिराकडं पाहिलंही नाही, बोट केलं ते खिडकीशी उभ्या असलेल्या द्वारकाताईंकडं. द्वारकाताई बशीत चहा ओतत होत्या, त्या तशाच थांबल्या. "अहो, ह्याच मोठ्या बाई हायेत इथल्या," त्या म्हणाल्या, "आन् तुमच्यातल्याच हायेत की." "म्हणूनच," बाई म्हणाली. एवढाच एक शब्द, आणि तोही मराठीत. मुनिराशी ती घरच्या बोलीत बोलू शकली असती, मुनिरानं 'आओ, बैठो' म्हणून तिला आत घेतलं होतं, तरी ती मराठीत बोलली, जणू बोलीचा दरवाजाही तिला लावून घ्यायचा होता. तिच्यामागं मुलगी उभी होती, सतरा-अठरा वर्षांची. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले होते आणि ओढणीची टोकं ओली होती. एकदा ओढणी सरकली तेव्हा मुनिराला तिची बोटं दिसली. पांढरी पडलेली, सुरकुतलेली, नखांच्या मुळाशी चिरा गेलेल्या. त्या बोटांवरून मुनिराला सगळं कळलं, निदान कळल्यासारखं वाटलं. पण तोवर द्वारकाताईंनी बशी खिडकीत ठेवून पदरानं हात पुसले होते आणि मायलेकी त्यांच्यामागोमाग आतल्या खोलीत गेल्या होत्या. पडदा हलून स्थिर झाला. मुनिरानं खुर्ची पुन्हा जागेवर नेऊन ठेवली. मग ती जागा बरोबर नाही असं वाटून जरा डावीकडं सरकवली, आणि मग आपण हे काय करतोय हे तिला कळेना.

कारण हे केंद्र तिचं होतं. कागदावर ते एका ट्रस्टचं होतं, पण मुळात ते तिच्या डोक्यातून निघालेलं होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, शहर सिडकोच्या बाजूला वाढत चाललं होतं, वाळूजच्या कारखान्यांच्या बसा शहागंजपर्यंत येऊन माणसं उचलत होत्या, आणि ट्रस्टच्या बैठकीत मुनिरा पोटतिडकीनं सांगत होती, की आपल्या मोहल्ल्यातली पोरंबाळं मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जात नाहीत, कारण तिथं त्यांचं ऐकणारं कोणी नाही. ऐकणारा आपल्यातला पाहिजे. ज्याला रोजा कशाला म्हणतात हे सांगावं लागणार नाही, 'असर', म्हणजे बाहेरची बाधा, म्हणलं की जो हसणार नाही, ज्याच्यापुढं आईला मुलीचा नकाब वर करताना संकोच होणार नाही. 'आपल्यातला' हा शब्द तिनं त्या बैठकीत किती वेळा वापरला असेल. मग शहागंजच्या मागच्या गल्लीत, हिमरू शालींच्या बंद पडलेल्या कारखान्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. पाटीवर मनाबिनाचा उल्लेख नको म्हणून तिनं नुसतं 'सल्ला केंद्र' लिहायला लावलं, मराठीत आणि उर्दूत. बाकडी अशी मांडली की जिन्यातून येणाऱ्याला बसलेल्याचं तोंड दिसू नये. एका कोपऱ्यात नमाजाची चटई, जानमाज, गॅलरीत हातपाय धुवायला नळ आणि बसायला दगडी कट्टा. द्वारका गाडेकर तिला ट्रस्टनं जोडून दिल्या होत्या, वैजापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, आधी नर्स होत्या, मागून समुपदेशनाचा कोर्स केलेला. मुनिरानं तेव्हा नाराजी दाखवली नव्हती, पण मनात धरलं होतं की ह्या बाहेरचं बघतील, आतलं मी बघीन. आणि आता द्वारकाताई आत होत्या, आणि मुनिरा बाहेर बाकड्यापाशी उभी होती. पडद्याआडून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आईचा आवाज, द्वारकाताईंचं 'व्हय, व्हय', आणि मध्येच मुलीचं काहीतरी बारीक, पाणी ठिबकल्यासारखं.

संध्याकाळी रिक्षात बसून मुकुंदवाडीला घरी येताना ती 'म्हणूनच' ह्या शब्दाची उलटसुलट बाजू बघत राहिली. आपण बुरखा घेत नाही म्हणून असेल. आपण सिडकोच्या पलीकडं राहायला गेलो, मोहल्ला सोडला, म्हणून असेल. का उलट आपण अजून मोहल्ल्यातल्याच आहोत, आपल्या आत्याच्या, मामीच्या तोंडून गोष्ट गल्लीत जाईल अशी भीती असेल? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की का नाही. घरी फारूख, तिचा नवरा, शिफ्टवरून येऊन नुकताच आंघोळ करून बसला होता. तिनं त्याला सांगितलं. तो केस पुसता पुसता हसला. "म्हणजे दोन्हीकडून गेलीस तू," तो म्हणाला, "दवाखान्यात नोकरीला होतीस तेव्हा तिकडचे म्हणायचे, ह्या मुसलमान बाईला आमचं काय कळणार. आता इकडचे म्हणतात, हिला सगळंच कळेल." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्यानं लगेच तिच्यासाठी चहा टाकला. तरी ती ओट्यापाशी उभी राहून दुधावरची साय बघत राहिली आणि तिला फूफी आठवली. खरं तर तिला फूफी आठवायला नको होती. फूफीची आठवण म्हणजे तिच्या सगळ्या कामाचा पाया होता, बैठकीत सांगायची, तरुण कार्यकर्त्यांना सांगायची अशी आठवण, इतक्या वेळा सांगितलेली की तिच्यातला फूफीचा वास निघून गेला होता. पण आज ती सांगण्यासारखी आली नाही. ती वासासकट आली. कापराचा आणि उन्हात वाळलेल्या मिरच्यांचा वास.

रईसा फूफी मुनिराच्या वडिलांची धाकटी बहीण. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती तेराची होती. गोदाकाठचं गाव सोडून सगळं घर औरंगाबादेत आलं, कसं आलं, रस्त्यात काय झालं, कोण मागं राहिलं, हे घरात कधी कोणी बोललं नाही. बोलणं 'ॲक्शन के टाइम पे' इथपर्यंत यायचं आणि तिथून पानदानाकडं वळायचं. फूफीचं लग्न झालं नाही. तिची 'तबियत' होती. दुपार कलली की ती चपला घालून, दोन कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन दाराशी बसायची, आणि दिवे लागले की गाठोडं सोडून कपडे पुन्हा खुंटीवर टांगायची. रोज. मुनिराला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या घरी कोणीतरी असं बसतंच. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिला खुलताबादेला दर्ग्यावर न्यायचे, तिथं ती भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसायची आणि परत येताना तिचा चेहरा जरा सैल झालेला असायचा. मग कोणीतरी म्हणालं, डॉक्टरला दाखवा. वडिलांनी, मजीदमास्तरांनी, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि फूफी दुसऱ्या कोणाचा हात धरत नव्हती म्हणून शाळा बुडवून मुनिराला सोबत नेलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले. त्यांनी मराठीत विचारलं, "काय होतंय, बाई?" आणि फूफी मराठीत बोलायला लागली. घरात तिच्या तोंडून मराठी कोणी ऐकलं नव्हतं. गावाकडचं, तुटक, गोड मराठी. "मला काय होतंय साहेब, काय नाय व्हत," ती म्हणाली. मग विहिरीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, शेजारच्या भागूबाईच्या घरी नागपंचमीला झोका बांधायचे त्याचं सांगितलं, आणि सांगताना हसली. डॉक्टरांनी विचारलं, "भीती वाटते का?" "भीती कसली, साहेब? आमच्या गावात कसली भीती?" आणि मुनिराच्या मुठीत फूफीचा हात थरथरत होता. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पडल्यावर वडील एवढंच म्हणाले, "इनको क्या समझेगा."

इनको क्या समझेगा. ह्या तीन शब्दांवर मुनिरानं आयुष्य उभं केलं होतं. आपल्यातला कोणी समोर असता तर त्यानं तो हात बघितला असता, फूफी त्याच्यापाशी बोलली असती, असं ती धरून चालली होती. म्हणून ती शिकायला पुण्याला गेली, म्हणून परत आली, म्हणून ह्या दोन खोल्या. पण आज ओट्यापाशी उभं असताना तिला त्या दिवशीची फूफी दिसली ती हसणारी. परतीच्या टांग्यात ती बडबडत होती, रस्त्यावरच्या म्हशी दाखवत होती, आणि हे इतक्या वर्षांत मुनिरा विसरली नव्हती, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं, की त्या दिवशी दुपार कलल्यावर फूफी दाराशी बसली नाही. मिरच्या वाळवत बसली. म्हणजे काय? त्या परक्या माणसासमोर, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तिला एका दिवसापुरतं असं गाव मिळालं होतं का, जिथं काही घडलंच नव्हतं? आणि घरात, जिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं, जिथं प्रत्येकाच्या गप्प बसण्यात ते होतं, तिथं तिला रोज गाठोडं बांधावं लागत होतं? असं नसेल. योगायोग असेल. तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिला काय आठवणार. पण मिरच्या आठवत होत्या. मग आपण हे केंद्र कोणत्या पायावर काढलं? फारूखनं चहा पुढं केला आणि विचारलं, "त्या पोरीला झालंय काय?" "धुण्याचं," ती म्हणाली. "नमाजाआधी सारखं वजू करते. मला बघूनच कळलं." "मग द्वारकाताईंना सांग की." "सांगते," ती म्हणाली, आणि चहा निवून गेला.

सांगायची वेळच आली नाही, द्वारकाताईच विचारायला आल्या. मुलीचं नाव नुजहत, आई शमशाद, बाप युसूफ वाळूजला कामाला. बारावीला आहे, मराठी शाळेत शिकलेली, हुशार. "ते वजू का काय म्हणत्यात, ते मला नीट सांगा, मॅडम," द्वारकाताई म्हणाल्या, "पोरगी तास न् तास नळाखाली. म्हणती, एक जागा कोरडी राह्यली असल. परत. परत. नमाजाची वेळ निघून जाती मंग रडती. आदी घरचे खूश होते, लई दीनदार, धर्माचं करणारी झाली म्हणून. आता पीठ मळंना, कुणाला शिवंना. मौलानांना विचारलं, ते म्हणले हा वसवसा हाय, सैतान टाकतो मनात, ध्यान देऊ नको. तवापासून तिला वाटतंय सैतान तिच्याच आत बसलाय." मुनिरानं सगळं समजावलं. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. समजावताना तिला स्वतःचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला, मदरशात शिकवणाऱ्या बाईचा, आणि मग लाज वाटली, कारण तिनं स्वतः वजू करून किती वर्षं झाली होती. मुलीला धीर देत बसू नका, एवढं मात्र तिनं बजावलं. 'झालं, स्वच्छ झालं' असं एकदा म्हणलं की मुलगी पुन्हा पुन्हा विचारत राहते, हा मुनिराच्या शास्त्राचा नियम होता. द्वारकाताईंनी मान डोलवली आणि पुढच्या खेपेला अगदी दुसरंच केलं. "मला काय येत नाय बाई, तूच दाखव," असं त्या नुजहतला म्हणाल्या. नुजहतनं गॅलरीतल्या नळावर त्यांना करून दाखवलं, हे असं, मग हे असं, आणि एका दमात संपवलं. द्वारकाताईंनी मुनिराला हे सांगितलं तेव्हा त्या स्वतःच चक्रावलेल्या होत्या. "एकदाच केला, मॅडम. थांबली न्हाय कुठं. मी म्हणलं, चांगला झाला की. तर म्हणती, हा कुठं खरा होता, हा तर तुमच्यासाठी होता." मुनिरा हसली, आणि हसता हसता थांबली. तिच्यापुढं मुलीनं असं करून दाखवलंच नसतं. तिच्यापुढं केलेला प्रत्येक वजू खरा झाला असता.

पुढं काही दिवस मायलेकी येत राहिल्या. मुनिरा त्यांच्या वेळेला मुद्दाम बाहेर जायची, कधी खाली गल्लीत, कधी पानचक्कीपर्यंत चालून यायची. एकदा परत आली तर शमशाद एकटीच बाकड्यावर होती, मुलगी आत. मुनिरा तिला ओलांडून जाणार तोच शमशाद म्हणाली, "आपा, बुरा नक्को मानो." ह्या वेळी घरच्या बोलीत. मुनिरा बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. खालच्या बंद कारखान्यात कबुतरं घुमत होती. शमशाद पुढं बोलली ती पुन्हा मराठीत, जणू एवढं अंतर लागतंच. "तिचं लग्नाचं बोलणं चाललंय. तेवढ्यासाठी तुम्हाला नको म्हणले असं सगळे म्हणतील. तसं नाय. गल्लीत काय, कळायचं ते कळतंच." "मग?" "ह्या बाईंना मी काहीबी सांगते. त्यांना खरं बी वाटतं, खोटं बी वाटतं, त्या लिहून घेतात. दवाखान्यातलं बोलणं दवाखान्यात राहतं. तुमच्यापुढं बोलले की ते खरं होऊन जाईल." मुनिराला विचारायचं होतं, काय खरं होऊन जाईल. तिच्या शिकण्यात असे प्रश्न होते, मऊ, दार अर्धवट उघडं ठेवणारे. ते बाजूला राहिले. मी कोण आहे तुमच्यासाठी, असं विचारावंसं वाटलं, आणि तो प्रश्न तर शमशादच्या कामाचा नव्हताच. "चहा घेता का?" तिनं विचारलं. "रोजा है," शमशाद म्हणाली. रमजान नव्हता. मुलीसाठीच्या मन्नतीचा, नवसाचा असेल, असं मुनिराला वाटलं.

नंतरच्या आठवड्यात द्वारकाताई पडदा सारून बाहेर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. "पोरगी म्हणतीय, त्या बाईंशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी गाडी अडली, मॅडम. तिला माझं करून दाखवलेलं चालतं, पण घरी गेलं की परत तेच. तिला खरं विचारायचंय कुणाला तरी. ते मला कसं येणार?" "आई?" "आई खाली बघत बसलीय." मुनिरा आत गेली. शमशाद उठून बाहेर आली, दोघी दारात एकमेकींना अंग चोरून ओलांडून गेल्या. खोलीत एक पंखा, दोन खुर्च्या, खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. नुजहतनं हात मांडीखाली घातले होते, शिक्षा झाल्यासारखे. "मराठीत बोलू का?" तिनं आधी विचारलं. "घरच्या बोलीत बोललं की अम्मी ऐकतीय असं वाटतं." "बोल ना." मुनिराला ह्या वाक्याचंही आश्चर्य वाटलं नाही, आता तिला कशानंच धड आश्चर्य वाटत नव्हतं, सगळ्याच गोष्टी जराशा सरकलेल्या होत्या, तिनं पहिल्या दिवशी डावीकडं सरकवलेल्या खुर्चीसारख्या. "मला सगळं माहितीय," नुजहत म्हणाली. "एकदा धुतलं की होतं, तीनदा धुतलं की पुरे, सगळं वाचलंय. द्वारकाताई म्हणतात झालं. मौलाना म्हणतात झालं. पण मला झाल्यासारखं वाटत नाही. आतून 'हो' येत नाही. तुम्हाला येतो का तो 'हो'?" आणि मुनिरा काही बोलायच्या आत, "तुम्ही नमाज पढता का?"

एवढ्या छोट्या खोलीत एवढा मोठा प्रश्न मावत नव्हता. मुनिराच्या डोक्यात एकदम पुष्कळ माणसं शिरली. ट्रस्टची मंडळी, गल्लीतल्या बाया, पाटीवरची उर्दू अक्षरं, बाकड्यावर बसलेली शमशाद. केंद्रातली बाई नमाज पढत नाही ही गोष्ट जिन्यावरून खाली उतरायला किती वेळ लागेल? मग कोण येईल वर? आणि 'हो' म्हणलं तर? तर ही मुलगी उद्यापासून मुनिराच्या वजूशी स्वतःचा वजू ताडून बघेल, आणि दर वेळी कमी भरेल. शास्त्र सांगत होतं, स्वतःचं काही सांगू नका, प्रश्न परत तिच्याकडं वळवा. 'तुला काय वाटतं, मी पढत असेन का?' असं म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर तयार होतं आणि त्या वाक्याची तिला अचानक किळस आली. "नाही," ती म्हणाली. "लहानपणी पढायचे. मग सुटलं. ठरवून सोडलं असंही नाही." नुजहतनं मांडीखालचा एक हात बाहेर काढला, बघितला, पुन्हा आत घातला. "मग तुम्हाला कसं कळतं, तुम्ही पाक आहात का नाही?" "नाही कळत." "कधीच?" मुनिरानं विचार केला. खरंच विचार केला, ह्या मुलीसाठी नाही, स्वतःसाठीच. "कधीच नाही," ती म्हणाली, "बाकीचंही पुष्कळ कळत नाही. हे जे काम करते ते बरोबर करते का, तेही हल्ली कळत नाही." "मग काय करता?" "जेवते. झोपते. सकाळी रिक्षा पकडून इथं येते." "झोप येते?" "कधी येते. कधी पडून राहते." नुजहत तिच्याकडं बघत राहिली. राग येईल असं मुनिराला वाटलं, किंवा रडेल. पण मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मुनिराकडं शब्द नव्हता. एखाद्यानं बंद खोलीत बराच वेळ एकटं असावं आणि कोपऱ्यात आणखी कोणी बसलेलं दिसावं, तसं काहीतरी. "आणि भीती?" तिनं विचारलं. "आहे की," मुनिरा म्हणाली, "आत्तासुद्धा आहे. तू बाहेर जाऊन सांगशील ह्याची." नुजहतच्या तोंडातून हसू निसटलं, आणि ते निसटल्याचंच तिला दडपण आलं. मग ती म्हणाली, "अम्मीला सांगू?" "काय?" "की तुम्हालापण नाही कळत." मुनिरानं खिडकीतून गच्चीवरच्या चादरींकडं पाहिलं. "सांग," ती म्हणाली.

मुलगी पडदा सारून गेली. बाहेर ती घरच्या बोलीत काहीतरी हळू म्हणाली, शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले, "इनको भी नहीं मालूम." गल्लीतल्या मशिदीतून असरची, दुपारनंतरच्या नमाजाची अजान सुरू झाली, एकामागून एक दुसऱ्या मशिदींच्या अजाना तिच्यात मिसळत गेल्या, आणि नुजहतनं गॅलरीतला नळ सोडल्याचा आवाज आला. मुनिरा उठायला लागली, पण त्याच वेळी पडदा सरकला आणि शमशाद आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मुलगी उठून गेलेल्या खुर्चीवर ती बसली, बुरख्याआडच्या हातात नकाब चुरगाळलेला. दोघी नळाचा आवाज ऐकत राहिल्या. तो थांबला. शमशादचे खांदे खाली आले. मग नळ पुन्हा सुटला, आणि ती झटकन उठायला गेली, तर मुनिरानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. का ठेवला ते तिला सांगता आलं नसतं. नियमाप्रमाणे मुलीला आतूनच थांबू द्यायला हवं होतं म्हणून, किंवा तिला स्वतःलाच धरायला काहीतरी हवं होतं म्हणून. पाणी वाहत होतं. ते कधी थांबेल हे दोघींनाही माहीत नव्हतं. "मेरा भी ऐसाच था, आपा," शमशाद भिंतीकडं बघत म्हणाली. "शादी के पहले. किसी को नहीं बोली मैं. इसके अब्बा को भी नहीं." बोलून झाल्यावर, एवढंच बोलायला तिला आयुष्य लागलं असावं, तशी ती दमून मागं टेकली. मुनिरानं तिच्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. बाहेर नळ बंद झाला, आणि ओल्या पायांची चाहूल जानमाजच्या कोपऱ्याकडं गेली.